दोघांची चाहूल

काळा बिबट्या सोबत घेऊन अंधारातून निघालेला योद्धा आपणही खेळावा, असं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या बऱ्याच जणांना कधी ना कधी वाटतं. त्यामागे आर. ए. साल्व्हातोर यांच्या कादंबऱ्यांचा मोठा हात आहे. १९८८ च्या ‘द क्रिस्टल शार्ड’पासून ड्रिझ्ट हा डार्क एल्फ आणि त्याची सोबतीण ग्वेनव्हिवार वाचकांच्या मनात ठाण मांडून आहेत. माझी रेंजरही त्यांचंच बोट धरून आली. तिच्या बिबट्याचं नाव मी काजळ ठेवलं होतं, आणि त्या कागदावरच्या जनावरावर माझा खरोखर जीव जडला. असं पात्र बनवायला बसलेलं कोणी भेटलं की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसते. त्यांना काही गोष्टी खेळ सुरू होण्याआधीच कळाव्यात, एवढाच हेतू.

आधी लपण्याचं बोलू, कारण माझं सगळं दुखणं तिथेच होतं. २०१४ च्या नियमांप्रमाणे बिबट्याचा स्टेल्थ, म्हणजे लपताना फाशात मिळवायचा आकडा, मुळातच +६. बीस्ट मास्टर रेंजरचा सोबती झाला की त्यात मालकाचा प्रोफिशिअन्सी बोनस मिळतो, म्हणजे तिसऱ्या लेव्हलला +८. माझ्या रेंजरचा होता +५. समोर साधा पहारेकरी असेल तर त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन १२. मला वीस बाजूंच्या फाशावर ७ किंवा जास्त हवेत, काजळला ४ किंवा जास्त. मी लपून राहण्याची शक्यता ७० टक्के, तिची ८५. दोन्ही आकडे घसघशीत दिसतात, पण दोघींनाही एकाच वेळी साधायचं असतं, आणि तो गुणाकार साठाच्याही किंचित खाली येतो. त्यात प्लेट आर्मर घातलेला, डिसअ‍ॅडव्हान्टेजने फासे टाकणारा पॅलाडिन आला की शक्यता बारा टक्क्यांच्या आसपास उरते. पहारेकऱ्याला एकच धोका जाणवला तरी तो बेसावध राहत नाही, असं नियमच सांगतो. डाकूंच्या गढीवर आम्ही गेलो त्या रात्री माझा फासा उत्तम पडला आणि काजळचा २ आला. तटावरच्या माणसाने बिबट्या पाहिला आणि घंटा वाजवली. पुढची लढाई आम्ही जिंकलो, पण ज्या क्षणासाठी मी हे पात्र बनवलं होतं तो क्षण आलाच नाही.

म्हणून डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, पहिल्याच बैठकीत विचारा: लपताना प्रत्येकाचा फासा वेगळा धरणार की गटाचा मिळून? गटाच्या चाचणीत निम्मे जण यशस्वी झाले की सगळा गट यशस्वी होतो. तुम्ही दोघंच पुढे गेलात तर एकाचा चांगला फासा दोघांना पुरतो. मालक आणि जनावर यांना एक गट मानायला बरेच डीएम तयार असतात, पण ते त्यांना आधी सुचवावं लागतं. फासा पडल्यावर मागितलं तर ती सवलत वाटते.

पाचव्या लेव्हलला रेंजरला ‘पास विदाउट ट्रेस’ घेता येतो आणि चित्र पालटतं. तीस फुटांच्या आत तुम्ही निवडाल त्या प्रत्येकाच्या स्टेल्थमध्ये तासभर +१० मिळतात. पहारेकऱ्यासमोर मग तुमचा आणि बिबट्याचा फासा टाकण्याचीही गरज राहत नाही. या पात्रासाठी यासारखा दुसरा मंत्र नाही, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि ‘हंटर्स मार्क’लाही लागतं. दोन्ही एकदम चालत नाहीत, त्यामुळे कुठला केव्हा सोडायचा हे दाराशी पोचण्याआधी ठरलेलं असावं.

उजेडाकडेही लक्ष द्या. २०१४ च्या नियमांत बिबट्याला आणि लांडग्याला डार्कव्हिजन नसते. तुमचा एल्फ गुहेत आरामात बघतो आणि त्याच्या पायाशी चालणारं जनावर मिट्ट काळोखात आंधळं असतं. जनावरासाठी मशाल पेटवली की लपणं संपलं. जमिनीखालच्या मोहिमा जास्त असतील तर जायंट वुल्फ स्पायडर घ्या. त्याला साठ फूट डार्कव्हिजन आहे आणि त्याचा मूळ स्टेल्थ बिबट्याहूनही एकाने जास्त. कोळ्यावर जीव लावणं अनेकांना जड जातं, हे मला मान्य आहे. सोबत्यावर माया बसणार नसेल तर हे पात्र घेऊच नये.

नियमांतला एक शब्द तर मी कितीतरी दिवस नुसता वाचून सोडला होता. २०१४ च्या पुस्तकात जनावराला आज्ञा तोंडी द्यायची असते. कुठे जायचं हे सांगायला अ‍ॅक्शन लागत नाही, पण सांगायचं असतं आवाजानेच. दबा धरून बसलेल्या माणसाने बोलायचं कसं? आमच्या डीएमने हाताच्या खुणा मान्य केल्या, मात्र दोघं एकमेकांना दिसत असतील तरच. तुमच्या टेबलावरही हे बोलून घ्या.

आता काजळच्या मरणाबद्दल. २०१४ च्या नियमांत सोबत्याचे हिट पॉइंट त्याच्या मूळ आकड्याइतके किंवा रेंजरच्या लेव्हलच्या चौपट, यांतले जे जास्त असतील ते. पाचव्या लेव्हलला वीस. त्याच सुमारास शत्रूचे जादूगार ‘फायरबॉल’ टाकू लागतात, आणि त्याचं नुकसान सरासरी २८ असतं. सेव्ह हुकला की वीस हिट पॉइंटचं जनावर तिथेच आडवं होतं. काजळ तशीच गेली. नियम म्हणतो, आठ तास घालवून दुसऱ्या जनावराशी नातं जोडा. मला त्या टेबलावर दुसरं जनावर घेववलं नाही. कादंबरीतली ग्वेनव्हिवार जखमी झाली की अ‍ॅस्ट्रल जगात परतते आणि बरी होऊन पुन्हा येते. आपल्या जनावराला तशी सोय नाही. डीएमशी या विषयावर आधी मोकळेपणाने बोला: जनावर मेलं तर ते कायमचं जाणार का, इतर पात्रांसारखे त्याला डेथ सेव्ह मिळणार का? टेबलावर लहान मुलं किंवा हळव्या मनाचं कोणी असेल तर हे बोलणं टाळूच नका.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने यातलं बरंच दुखणं कमी केलं. पूर्वी जनावराला हल्ला करायला सांगण्यात तुमची स्वतःची अ‍ॅक्शन जायची, आता बोनस अ‍ॅक्शन पुरते. जमिनीवरच्या नव्या सोबत्याला पाचव्या लेव्हलला तीस हिट पॉइंट असतात. तो मेला तर तासाभराच्या आत स्पर्श करून एक स्पेल स्लॉट खर्चला की मिनिटभरात उठतो. पण लपणाऱ्या पात्राने हिशेब पुरता वाचावा. या नव्या जनावराचा स्टेल्थ तिसऱ्या लेव्हलला जेमतेम +४ भरतो, म्हणजे बिबट्याच्या निम्मा. त्याला लढाईत बळ मिळालं आणि त्याची चाहूल वाढली. शिवाय दोन तलवारींनी लढणाऱ्यालाही दुसऱ्या वारासाठी बोनस अ‍ॅक्शनच लागते, आणि ‘हंटर्स मार्क’लाही. ड्रिझ्टसारख्या दोन तलवारी आणि जनावर असं दोन्ही हवं असेल तर प्रत्येक पाळीला तुमचा एक वार तरी सोडावा लागतो. लाँगबो घ्या. तो दुरून चालतो आणि बोनस अ‍ॅक्शन जनावरासाठी मोकळी राहते.

रेंजर नको, फायटरच हवा, असं म्हणणारेही भेटतात. फायटरला वर्गातून जनावर मिळत नाही. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये पंचवीस सोन्याच्या नाण्यांना मॅस्टिफ कुत्रा विकत मिळतो, पण त्याचे हिट पॉइंट पाच. त्याला लढाईत उतरवणं म्हणजे त्याला मारणं. माझ्या मते यापेक्षा बरी वाट एल्ड्रिच नाइटची. त्याच पुस्तकाप्रमाणे तिसऱ्या लेव्हलला मिळणाऱ्या तीन मंत्रांपैकी एक कुठल्याही शाखेतला घेता येतो, तो ‘फाइंड फॅमिलिअर’ घ्या आणि घुबड बोलवा. घुबडाला अंधारात १२० फूट दिसतं. तुम्ही शंभर फुटांच्या आत असाल तर त्याच्याशी मनातल्या मनात बोलता येतं आणि त्याच्या डोळ्यांनी बघताही येतं, म्हणजे तोंडी आज्ञेची अडचण उरत नाही. ते हल्ला करू शकत नाही, पण मदतीची अ‍ॅक्शन करून तुमच्या वाराला अ‍ॅडव्हान्टेज देतं. मेलं तर दहा सोन्याच्या नाण्यांचं साहित्य आणि तासाभराचा वेळ देऊन परत बोलावता येतं. फायटरला सुरुवातीला चेन मेल देऊ करतात. ती घालून लपायला डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळतो. तिच्याऐवजी लेदर आणि लाँगबोचा पर्याय घ्या आणि डेक्स्टेरिटी सगळ्यात वर ठेवा.

मी पुढे दुसरी रेंजर केली तेव्हा तिच्यासोबत लांडगा घेतला. त्याला मी तटापर्यंत नेत नाही. तो मागे झाडीत, हाकेच्या अंतरावर थांबतो. आत मी एकटी जाते, म्हणजे लपण्याचा फासा एकच पडतो. वासावर माग काढायचा असेल तेव्हाच तो पुढे असतो, कारण २०१४ च्या नियमांत गंध आणि आवाज यांवरच्या त्याच्या चाचण्यांना अ‍ॅडव्हान्टेज असतो. शत्रूकडे वॉर्ग असतील तर उलट विचार करते. त्यांचंही नाक तितकंच तीक्ष्ण असल्याने त्यांच्या बाबतीत पॅसिव्ह पर्सेप्शन १९ धरावं लागतं, तेव्हा वाऱ्याची दिशा डीएमला विचारून घेते. पहिला बाण सुटला की मग गुप्ततेचं काम संपलेलं असतं. त्यानंतर लांडग्याला हाक मारायची, आणि खुशाल मोठ्याने मारायची.