वाचकांचे प्रश्न : डॉक्टरांची नोंदणी, बदललेले कायदे आणि रुग्णाचे हक्क

प्रश्न : कुळगाव पूर्वेला घराजवळच्या दवाखान्यातले डॉक्टर होमिओपॅथीचे पदवीधर आहेत. तापाला ते अँटिबायोटिक लिहून देतात आणि मेडिकलवालाही त्या चिठ्ठीवर औषध देतो. नव्या कायद्याने आता हे चालते असे ऐकिवात आहे. खरे काय?

विद्यापीठ पदवी देते. रुग्ण तपासून औषध लिहून देण्याचा अधिकार मात्र परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावरच येतो. महाराष्ट्रात अशा नोंदवह्या वेगवेगळ्या आहेत. एमबीबीएस आणि त्यापुढच्या पदव्या घेतलेल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषद अधिनियम, १९६५ खाली होते. आयुर्वेद आणि युनानीच्या पदवीधरांना महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ लागू आहे. होमिओपॅथीची परिषद निराळी आणि तिचा कायदाही निराळा. ज्या शास्त्राची नोंदणी, त्याच शास्त्राचे उपचार, हा मूळ नियम. त्याची हद्द ओलांडायची तर राज्याच्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद असावी लागते.

तरतूद नसताना हद्द ओलांडली तर काय होते, याचे सर्वात ठळक उदाहरण मुंबईतलेच आहे. १९९२ साली एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला आधी विषाणूजन्य ताप आणि नंतर टायफॉइड समजून अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली. रुग्ण दगावला. 'पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की ज्या शास्त्राचे शिक्षण आणि नोंदणी नाही त्याचे उपचार करणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे. तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. न्यायालयाने ३ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. हा निकाल आजही लागू आहे, आणि पुढच्या सगळ्या बदलांकडे त्याच्या आधाराने पाहावे लागते.

बदल झाला तो २०१४ साली. राज्य विधिमंडळाने होमिओपॅथी व्यवसायींचा कायदा आणि १९६५ चा वैद्यक परिषद कायदा या दोन्हींत एकाच वेळी दुरुस्ती केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी डॉक्टरांना अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहिण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हा अभ्यासक्रम २०१६ पासून सुरू केला. डॉक्टर मंडळी आणि मेडिकलवाले त्याला 'सीसीएमपी' म्हणतात. इंडियन मेडिकल असोसिएशनने, म्हणजे आयएमएने, या दुरुस्तीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले.

पुढची काही वर्षे कायदा कागदावर राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने परिपत्रक काढले की सीसीएमपी झालेल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधविक्रेत्यांनी अ‍ॅलोपॅथीची औषधे देण्यास हरकत नाही. ३० जून २०२५ रोजी महाराष्ट्र वैद्यक परिषदेने अशा डॉक्टरांची नोंदणी १५ जुलैपासून सुरू करण्याची अधिसूचना काढली. आयएमएच्या विरोधानंतर ती थांबली. ५ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने या डॉक्टरांसाठी वैद्यक परिषदेत स्वतंत्र नोंदवही ठेवण्यास सांगितले आणि १८ सप्टेंबरला राज्यभरातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवसाचा संप केला.

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. एमबीबीएसला प्रशिक्षणार्थी वर्षासह साडेपाच वर्षे लागतात. त्या काळात केलेला रुग्णालयातला सराव एका वर्षाच्या औषधशास्त्राने भरून निघत नाही, असे आयएमए म्हणते. होमिओपॅथीच्या संघटनांचे उत्तर असे की बीएचएमएसलाही साडेपाच वर्षेच लागतात, शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र तिथेही शिकवले जाते, उणीव होती ती औषधशास्त्राची आणि ती विधिमंडळानेच भरून काढली. कुळगावसारख्या गावाला या वादाचा थेट संबंध आहे. सकाळच्या लोकलने मुंबईला जाऊन रात्री परतणाऱ्या कुटुंबाला घराजवळ उघडा असलेला दवाखाना लागतो, आणि असा दवाखाना अनेकदा बीएचएमएस किंवा आयुर्वेदाच्या बीएएमएस डॉक्टरचाच असतो. त्या डॉक्टरांना नावे ठेवून प्रश्न सुटणार नाही. मात्र आपल्याला औषध देणाऱ्याने काय शिकले आहे आणि कायदा त्याला कुठपर्यंत मुभा देतो, हे कळण्याचा रुग्णाचा हक्क या भांडणात मागे पडला आहे. स्वतंत्र नोंदवहीचा खरा उपयोग ती सामान्य माणसाला सहज पाहता आली तरच होईल.

म्हणून उत्तर एका शब्दात देता येत नाही. सीसीएमपी न केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून देणे आजही बेकायदा आहे आणि त्याला १९९६ चा निकाल तंतोतंत लागू पडतो. सीसीएमपी केलेल्या डॉक्टरला २०१४ च्या दुरुस्तीचा आधार आहे. तो आधार टिकतो की नाही, याबाबत न्यायालयाचा निकाल शेवटचा राहील. हा अभ्यासक्रम औषधशास्त्राचा असल्याने शस्त्रक्रियेची मुभा त्यातून मिळत नाही. अमुक डॉक्टरने सीसीएमपी केले आहे का, हे त्या डॉक्टरलाच सरळ विचारावे. प्रमाणपत्र दाखवायला सांगण्यात अवमान नाही.

प्रश्न : मग आयुर्वेदाच्या डॉक्टरांचे काय? ते तर कित्येक वर्षांपासून इंजेक्शन आणि सलाइन देत आले आहेत.

त्यांची स्थिती कायद्याने अधिक पक्की आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम २५ खाली राज्य सरकारने १९९२ मध्येच आयुर्वेदाच्या नोंदणीकृत पदवीधरांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. अशी मुभा राज्य देऊ शकते का, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. 'मुख्तियार चंद' प्रकरणात १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले की राज्याच्या कायद्यात तरतूद असेल तर ही मुभा वैध आहे, नसेल तर नाही. त्यामुळेच एका राज्यात चालणारी गोष्ट शेजारच्या राज्यात गुन्हा ठरू शकते. महाराष्ट्रात तरतूद आहे. 'प्रशिक्षणाच्या मर्यादेत' हे शब्द मात्र विसरता येत नाहीत. न शिकलेली गोष्ट केल्यास निष्काळजीपणाचा दावा उभा राहू शकतो.

प्रश्न : डॉक्टर खरा की बोगस, हे घरबसल्या कसे ओळखावे?

नोंदणी क्रमांकावरून. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर छापणे बंधनकारक आहे. फीचा फलकही लावावा लागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. चिठ्ठीवर क्रमांक नसेल तर शंकेला जागा आहे. क्रमांक असेल तर तो संबंधित परिषदेच्या संकेतस्थळावर नावासह तपासता येतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने २०२५ मध्ये दवाखान्याच्या दारात लावण्यासाठी 'नो युअर डॉक्टर' नावाचा क्यूआर कोडही आणला. मोबाइलने तो स्कॅन केला की पदवी आणि नोंदणीची माहिती समोर येते. या परिषदेची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, म्हणून नोंदणीची मुदत पाहणेही महत्त्वाचे.

नोंदणीच नसलेल्या माणसाने उपचार करणे १९६१ च्या कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे आणि त्याला कारावासाची शिक्षा आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३४ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार पोलीस ठाण्यात देता येते, तशीच बोगस डॉक्टरांचा शोध घेणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडेही पाठवता येते.

प्रश्न : बदलापूरच्या एका खासगी रुग्णालयाने पूर्ण बिल भरेपर्यंत केसपेपर देण्यास नकार दिला. औषधेही त्यांच्याच मेडिकलमधून घ्यायला लावली. याला कोणता कायदा आहे?

खाटा असलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ लागू आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे खाट नसलेला, फक्त बाह्यरुग्ण तपासणारा दवाखाना शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या कक्षेबाहेर राहतो. ही मोठी उणीव आहे आणि गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या उपनगरांत ती जास्त जाणवते.

१९४९ च्या कायद्याखालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही, हेही नियमांत आले. दुःखात बुडालेल्या कुटुंबाला पैशांसाठी तिष्ठत ठेवण्याच्या घटना पाहता ही तरतूद फार आधीच यायला हवी होती.

केसपेपरचा हक्क त्याहून जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'रघुनाथ रहेजा' प्रकरणात रुग्णाला त्याचे वैद्यकीय कागद नाकारता येत नाहीत असे स्पष्ट केले. २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि दाखल रुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवावी लागते. मागणी लेखी करावी आणि तिच्या प्रतीवर रुग्णालयाची पोच घ्यावी. पोच दिली नाही तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा. तोंडी मागणीचा पुरावा राहत नाही आणि बहुतेक तक्रारी इथेच कमकुवत होतात. औषधे रुग्णालयाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही. तसा फलक लावण्याची सूचना अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिली आहे.

तक्रार कोणाकडे, हे हद्दीवर अवलंबून असते. उल्हासनगरात महापालिका आहे, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथे नगरपरिषदा आहेत, त्यामुळे नोंदणी करणारे कार्यालय सगळीकडे एकच नसते. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे रुग्णालयाला बंधनकारक आहे. त्यावर ज्या प्राधिकाऱ्याची सही-शिक्का असेल त्याच्याकडे तक्रार करावी. फोनमध्ये प्रमाणपत्राचे छायाचित्र काढून ठेवले तर पुढची धावपळ वाचते.

प्रश्न : उपचारात चूक झाली असे वाटल्यास पोलीस, परिषद आणि ग्राहक आयोग यांपैकी कुठे जावे?

तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या गोष्टी मिळतात. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, त्याची नोंदणी काही काळासाठी किंवा कायमची काढू शकते. भरपाई देऊ शकत नाही. एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाते, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांविरुद्धची त्यांच्या त्यांच्या परिषदेकडे. २००२ च्या नियमांत तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा असे म्हटले आहे. निर्णय पटला नाही तर वरच्या पातळीवर दाद मागण्याचा हक्क राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० ने डॉक्टरला स्पष्ट शब्दांत दिला, तक्रारदार रुग्णाचा मात्र तिथे उल्लेखच नाही. हा असमतोल दुरुस्त व्हायला हवा.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आयएमए विरुद्ध शांता या खटल्यात ठरवले. २०१९ च्या ग्राहक कायद्याने आणखी एक सोय केली : तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कुळगावच्या रहिवाशावर मुंबईच्या रुग्णालयात उपचार झाले असले तरी तो ठाण्याच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत २ वर्षांची. परिषदेच्या निकालाची वाट पाहत ती निघून जाऊ देऊ नये. दोन्ही तक्रारी एकाच वेळी चालू शकतात.

पोलिसांचा मार्ग गंभीर हलगर्जीसाठीच आहे. 'जेकब मॅथ्यू' निकालानुसार (२००५) डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी त्याच शास्त्रातल्या तज्ज्ञाचे, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे, स्वतंत्र मत घ्यावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू झाल्यास ती २ वर्षांपर्यंत आहे. ही सवलत नोंदणीकृत डॉक्टरांनाच मिळते, बोगस माणसाला नाही.

प्रश्न : नातेवाइकाच्या मृत्यूनंतर रागाच्या भरात रुग्णालयात तोडफोड झाली. आता पोलीस जामीन देत नाहीत. असे का?

महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतील व्यक्ती आणि संस्थांवरील हिंसाचार रोखण्याचा स्वतंत्र कायदा आहे. त्याखालचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने पोलीस ठाण्यात जामीन हक्काने मिळत नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे, आणि मोडतोड झालेल्या वस्तूंच्या किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. हा गुन्हा दाखल झाला म्हणून उपचारातल्या चुकीची तक्रार करण्याचा कुटुंबाचा हक्क जात नाही. ग्राहक आयोग आणि परिषद ही दोन्ही दारे त्यांना खुली राहतात.