दप्तरात व्हेप सापडलं, आता?

प्रश्न : नेरूळच्या एका शाळेत मी नववीची वर्गशिक्षिका आहे. एका मुलाच्या दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं. व्यवस्थापन त्याला पंधरा दिवस घरी बसवायचं म्हणतंय. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. आईवडील सकाळची लोकल पकडून कामावर गेल्यावर रिकाम्या घरात हा मुलगा काय करेल, हे व्यवस्थापनाला विचारून पाहा! व्हेप जप्त करा, पालकांना जरूर बोलवा. पण मुलाशी पहिलं बोलणं समुपदेशकानं, एकट्यात करावं. कधीपासून, कोणाबरोबर, कशासाठी? निकोटिनची सवय जडली असेल, तर ते सोडताना सुरुवातीला चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याला उर्मटपणा समजू नका. दर आठवड्याला एक भेट ठेवा, खेळातून मात्र काढू नका. समुपदेशक नसेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.

आणि ई-सिगारेटच्या विक्रीवर देशात २०१९पासून बंदी असताना हे त्याला विकलं कोणी? ती तक्रार शाळेनं पोलिसांत द्यावी. मुलांना तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७नुसार ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.