कवितेंतील गणित



शाळेंत बहुधा दोन पक्ष दिसतात. एकास गणित आवडतें, पण कविता नकोशी वाटते. दुसऱ्यास कविता तोंडपाठ असतात, पण त्रैराशिक पाहतांच घाम फुटतो. पालकही घरीं मुलांची अशीच वांटणी करतात: "आमच्या ह्याला हिशेब जमत नाहीं, ह्याचें डोकें भाषेकडे." ही वांटणी खरी नव्हे, असें मला ह्या लेखांत दाखवावयाचें आहे, आणि त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं.

पाचोऱ्याहून आगगाडीनें चाळीसगांवास जावें. तेथून नैर्ऋत्येस सुमारें अठरा किलोमीटरांवर, डोंगराच्या पायथ्याशीं पाटण आहे. पाटणादेवीचें स्थान म्हणून तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. तेथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण ह्याच्या पदरीं ज्योतिषी होता, त्यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं येथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. लेख संस्कृतांत असून अखेरच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. म्हणजे आठशें वर्षांपूर्वीं आपल्याच मुलुखांत गणिताची एक पाठशाळा चालत होती.

त्या भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा, आणि 'लीलावती' हा ग्रंथ इ. स. ११५० चा. हा अंकगणिताचा ग्रंथ सबंध पद्यांत आहे. शिवाय त्यांतील एक उदाहरण खुद्द कवितेविषयींच आहे. गायत्री छंदाच्या एका चरणांत सहा अक्षरें धरलीं, तर लघु व गुरु अक्षरांच्या मांडणीनें त्याचे किती प्रकार होतील, असा तो प्रश्न आहे.

ऱ्हस्व अक्षर तें लघु, त्याची १ मात्रा. दीर्घ, अनुस्वारयुक्त किंवा जोडाक्षरापूर्वीचें आघात सोसणारें अक्षर तें गुरु, त्याच्या २ मात्रा. हा नियम तुम्हांस व्याकरणांत आलाच आहे. आतां पहिलें अक्षर लघु तरी असेल किंवा गुरु तरी, दुसऱ्याचेंही तसेंच. म्हणून दोहोंचा सहा वेळां गुणाकार करावा; उत्तर ६४ येतें. ह्या ६४ पैकीं एकही गुरु नसलेला प्रकार १, एक गुरु असलेले ६, दोन गुरूंचे १५, तिहींचे २०, मग पुन्हां १५, ६ आणि १. बेरीज करून पाहा. चारही चरणांचीं चोवीस अक्षरें धरलीं तर ही संख्या १,६७,७७,२१६ होते. केवळ चोवीस अक्षरांत कवीला एवढें मोकळें रान मिळतें.

हें झालें अक्षरांचें. आतां मात्रा घ्या. चार मात्रांचा शब्द किती परींनीं बनेल? पुढील पांच शब्द मोठ्यानें म्हणा. पद्यांत म्हणतों तसा शेवटचा अकार पूर्ण उच्चारा: झरझर, अंगण, पहाट, कविता, शाळा. प्रत्येकांत मात्रा चार, पण चाल प्रत्येकाची निराळी. सहावा प्रकार तुम्हांस सांपडणार नाहीं.

कां सांपडणार नाहीं? शब्दाच्या शेवटीं लघु असेल किंवा गुरु. शेवटीं लघु असेल तर मागें तीन मात्रा उरतात, आणि तीन मात्रांचे प्रकार तीनच: नमन, गीत, नदी. ह्यांस एकेक लघु जोडला म्हणजे झरझर, अंगण, पहाट ह्यांच्या चाली तयार होतात. शेवटीं गुरु असेल तर मागें दोन मात्रा उरतात; त्यांचे प्रकार दोन. त्यांस गुरु जोडला कीं कविता व शाळा ह्यांच्या चाली येतात. तीन आणि दोन मिळून पांच. ह्याच रीतीनें पांच मात्रांचे ५ + ३ = ८, सहा मात्रांचे १३, सात मात्रांचे २१. मागील दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढील संख्या.

ही रीत प्राकृत छंदांचा शास्त्रकार विरहांक ह्यास ठाऊक होती, आणि इ. स. ११५० च्या सुमारास गुजरातेंत आचार्य हेमचंद्रांनीं ती स्पष्ट सांगितली. पुढें इ. स. १२०२ मध्यें इटलींतील लिओनार्दो ह्यानें सशांच्या वाढीच्या उदाहरणांत हीच मालिका दिली, आणि त्याच्या 'फिबोनाची' ह्या नांवानें ती जगांत प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ती सशांच्या संख्येंतून निघाली नाहीं. ती कवितेची चाल मोजतांना सांपडली.

मराठींत मोजणीचें सर्वांत घरगुती रूप म्हणजे अभंग. मोठ्या अभंगांत चार चरण. पहिल्या तिहींत सहा सहा अक्षरें व चवथ्यांत चार. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचें यमक. येथें लघुगुरूचें बंधन नाहीं, केवळ अक्षरें मोजावयाचीं. वर्गांत हें शिकवितांना मीं फळ्यावर एक कडवें रचून लिहिलें. दुसरा चरण होता, 'पाऊसही लांबला'. मागील बांकावरील एका मुलानें हात वर केला. गणितांत तो दोनदां नापास झालेला, आणि म्हणून वर्गांत सहसा तोंड न उघडणारा. तो म्हणाला, "सर, एक अक्षर जास्त आहे. 'ही' काढा." मीं बोटें घालून मोजलें, अक्षरें सात होतीं. तो 'ही' काढल्यावर कडवें असें झालें:

पेरणी जाहली । पाऊस लांबला ।
जीव हा टांगला । आभाळांत ॥

त्या 'ही' नें अर्थांत कांहींच भर पडत नव्हती. मोजणीनें एक रिकामा शब्द उघडकीस आणला, आणि शेवटचा चरण आंखूड असल्यामुळें वाचणाराचा श्वासही आभाळाकडे पाहत थांबतो. गद्यांत हेंच सांगावयास मला दोन ओळी लागल्या असत्या.

तुला हें कसें कळलें, असें मीं त्या मुलास विचारलें. त्याची आजी पूर्वीं जात्यावर म्हणावयाच्या ओव्या अजून म्हणते. लहानपणीं तिच्या मांडीवर बसून तो बोटांनीं ताल धरीत असे. आजीला अंक लिहितां येत नाहींत. पण ओवी कोठें लंगडते, हें तिला तत्काळ कळतें. त्या मुलाच्या बोटांत गणित होतेंच. तें गणित आहे, हें मात्र त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हां शिक्षकांनींही नाहीं. पुढल्या आठवड्यांत आठ मात्रांचे ३४ प्रकार त्यानें वहींत एकाखालीं एक मांडून आणले. त्यांत एकही सुटला नव्हता.

म्हणून पालकांस माझी विनंति आहे कीं, मूल एका विषयांत मागें पडलें म्हणून तें दार त्याच्यासाठीं कायमचें लावूं नये. दुसऱ्या दारानें तें त्याच घरांत शिरूं शकेल.

विद्यार्थ्यांस सुटींतील अभ्यास एवढाच: पांच मात्रांच्या आठही प्रकारांस एकेक मराठी शब्द शोधा. नंतर घरांतील वडील माणसांकडून एक ओवी ऐकून तिचीं अक्षरें मोजा. शेवटीं सहा, सहा, सहा, चार असें स्वतःचें एक कडवें रचा. विषय घरचाच घ्या. अक्षर जास्त झालें तर कोणता शब्द रिकामा आहे, तें शोधा. शाळा उघडल्यावर तीं कडवीं आपण फळ्यावर लिहूं, आणि माझें कडवेंही तुम्हीच मोजा.