सुटलेली संख्या

तमिळनाडूत कावेरीच्या काठी कुंभकोणम हे मंदिरांचे नगर आहे. तेथील सारंगपाणी सन्निधी मार्गावरील एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन (1887–1920) वाढले. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. टाउन हायस्कूलमध्ये ते हुशार विद्यार्थी म्हणून गाजले आणि 1904 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून शासकीय महाविद्यालयात गेले. मात्र गणितात गढून गेल्याने इतर विषय मागे पडले. शिष्यवृत्ती गेली आणि पुढे एफ.ए.ची परीक्षाही त्यांना उत्तीर्ण होता आले नाही. वहीवरील गणित मात्र त्यांनी सोडले नाही.

1914 मध्ये ते केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी एक साधा प्रश्न हाती घेतला : कोणत्या संख्येला सर्वांत जास्त विभाजक असतात? 12 ही संख्या पाहा. तिला 1, 2, 3, 4, 6 आणि 12 असे सहा विभाजक आहेत. 12 पेक्षा लहान असलेल्या एकाही संख्येला इतके विभाजक नाहीत. आपल्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा जिला अधिक विभाजक असतात, तिला ‘अतिसंयुक्त संख्या’ म्हणता येईल.

विभाजक मोजण्याची रीत सोपी आहे. संख्येचे मूळ अवयव पाडावेत, प्रत्येक घातांकात 1 मिळवावा आणि आलेल्या संख्यांचा गुणाकार करावा. 12 = 2² × 3; म्हणून (2+1) × (1+1) = 6.

रामानुजन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा संख्यांचा तक्ता दिला. त्यातील शेवटची संख्या तेरा अंकी आहे :

67,46,32,83,88,800 = 2⁶ × 3⁴ × 5² × 7² × 11 × 13 × 17 × 19 × 23

तिचे विभाजक 7 × 5 × 3 × 3 × 2 × 2 × 2 × 2 × 2 = 10,080 इतके होतात. याच संशोधनासाठी 1916 मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली. परीक्षेने नाकारलेले शिक्षण अखेर कामाने मिळवून दिले.

या तक्त्यात एक संख्या मात्र सुटली होती. शेवटच्या संख्येतील 23 हा अवयव काढला की ती मिळते : 2,93,31,86,25,600. तिचे विभाजक 5,040 आहेत. यंत्राच्या मदतीशिवाय केलेल्या एवढ्या विस्तृत गणनेत एक संख्या निसटली, म्हणून त्या कामाचे मोल कमी होत नाही. मात्र थोरांनी लिहिलेलेही पडताळून पाहावे, हा गणिताचा नियम येथे ध्यानात येतो. पडताळणीसाठी पदवी लागत नाही. वही, पेन्सिल आणि धीर पुरेसा असतो.

स्वाध्याय
1. शिष्यवृत्ती गेल्यावरही रामानुजन यांनी काय सोडले नाही?
2. 60 आणि 72 यांचे विभाजक मोजा. 72 ही अतिसंयुक्त संख्या का नाही, ते सांगा.
3. ‘थोरांनी लिहिलेलेही पडताळून पाहावे’ या विधानाविषयी तुमचे मत पाच ओळींत लिहा.