जुन्या जीपला जादा दिवे : वाराणसीच्या धुक्यातील एक पाठ

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत वाराणसी आणि तिच्या सभोवतालचा गंगाकाठ वारंवार दाट धुक्याखाली जातो. त्याचे कारण त्या भूमीतच आहे. गाळाची ओलसर जमीन, पाणी दिलेली गव्हाची शेते, निरभ्र रात्र आणि पडलेला वारा एवढे एकत्र आले की जमीन आपली उष्णता आकाशात वेगाने सोडते, तिच्यालगतची दमट हवा थंड होते आणि बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनून हवेत तरंगू लागतात. दृश्यता १ किलोमीटरच्या आत आली की हवामानशास्त्र त्या स्थितीला धुके म्हणते. २०० मीटरच्या आत आली की दाट धुके, आणि ५० मीटरच्या आत आली की अतिदाट धुके. मकरसंक्रांत आणि मौनी अमावस्या ही गंगास्नानाची पर्वे याच सुमारास येतात. त्यामुळे पहाटेच्या रस्त्यावर यात्रेकरू पायी चालत असतात, दूधवाले सायकलीवरून जात असतात, आणि मागे एकही दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात.

अशा मुलखात जुनी जीप अद्यापही भेटते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या वंशातील गाड्या पुढे अनेक दशके देशभर धावल्या. ही गाडी कणखर असली तरी तिचे दिवे आणि तारा त्या काळच्या मंद गरजेपुरत्याच बेतलेल्या आहेत. मालकाला जादा दिवे बसवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते कसे जोडावेत याचा विचार न केल्यास मूळचेही दिवे जाण्याची, प्रसंगी गाडी पेट घेण्याची भीती असते. या पाठाचा मुख्य सिद्धांत एका वाक्यात सांगता येईल : जुन्या तारेने नव्या दिव्याला केवळ आज्ञा द्यावी, त्याचा प्रवाह वाहू नये.

कोणता दिवा हवा?

वाराणसीहून निघणारे दोन रस्ते डोळ्यांपुढे आणावेत. एक पूर्वेकडे, राजघाटाजवळच्या, १८८७ साली खुल्या झालेल्या मालवीय पुलावरून चंदौलीच्या सपाट मैदानात जातो. दुसरा दक्षिणेकडे अहरौरावरून विंध्याच्या पठारावर सोनभद्राकडे चढतो. पहिल्या रस्त्यावर शत्रू धुके आहे, दुसऱ्यावर वळणांचा अंधार. या दोहोंना एकच दिवा चालत नाही.

निर्मळ अंधारासाठी दूरवर जाणारा अरुंद झोत लागतो. धुक्यात मात्र हाच झोत घातक ठरतो, कारण प्रत्येक थेंब प्रकाशाचा काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत फेकतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्याचा दिवा रुंद पसरणारा, वरची कडा स्पष्ट कापलेली असणारा आणि बंपरच्या पातळीवर, म्हणजे डोळ्यांपासून शक्य तितका खाली बसविलेला असावा. त्याने दूरचे दिसत नाही. रस्त्याची कड आणि पुढचे थोडे अंतर तेवढे दिसते. गाडीचा वेग त्या दिसणाऱ्या अंतरात थांबता येईल इतकाच ठेवावा लागतो, आणि कोणताही दिवा ही अट रद्द करू शकत नाही.

पिवळा प्रकाश धुके भेदतो, हा समज फार पसरलेला आहे. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळ्या काचेने काहींच्या डोळ्यांना कमी दिपल्यासारखे वाटते, हे खरे. परंतु दिव्याची जागा आणि झोताचा आकार यांचे महत्त्व रंगापेक्षा अधिक आहे.

विजेचा जमाखर्च

प्रथम गाडीचा विद्युत् दाब तपासावा. अगदी जुन्या विलीज गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, काही लष्करी गाड्या २४ व्होल्टच्या असतात, आणि नंतरच्या बहुतेक १२ व्होल्टच्या. बॅटरीचा कोणता ध्रुव गाडीच्या अंगाला जोडला आहे, हेही पाहून घ्यावे. पुढील हिशेब १२ व्होल्टचा आहे.

दिव्याचे वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ५५ वॉटचा एक हॅलोजन दिवा सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे जोडी ९.२ अँपिअर घेईल. मूळचे दोन ५५ वॉटचे मोठे दिवे तेवढाच प्रवाह घेतात. त्यांत मागचे व बाजूचे छोटे दिवे, वायपर आणि पेट्रोल इंजिन असल्यास ज्वलनाचे विद्युत्मंडल मिळविले की रात्रीचा खर्च सुमारे १९ अँपिअर होतो, आणि नव्या जोडीसह तो २८ च्या घरात जातो. डायनॅमोवर त्याची क्षमता कोरलेली असते. ती या आकड्याशी ताडून पाहावी. येथे एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कोरलेली क्षमता इंजिन वेगात असतानाची असते. धुक्यात गाडी हळू चालते, आणि मंद फिरणारा डायनॅमो फारच थोडा प्रवाह देतो. म्हणजे दिव्यांची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच उत्पन्न सर्वांत कमी असते. तूट बॅटरी भरून काढते, आणि वाटेत इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याइतकी शक्ती तिच्यात उरत नाही. यावर दोन उपाय आहेत : डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसविणे, किंवा कमी वॉटचे दिवे घेणे. सुमारे २० वॉटच्या एलईडी दिव्यांची जोडी ३.५ अँपिअरहूनही कमी प्रवाह घेते. मात्र बाजारातील अनेक स्वस्त एलईडी दिव्यांच्या झोताला वरची कड नसते. असे दिवे धुक्यात निरुपयोगी आणि समोरून येणाऱ्यास त्रासदायक होत.

जुन्या तारेवर भार का नको?

मोठ्या दिव्याच्या तारेलाच नवी तार पिळून जोडणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट रीत होय. जीपमध्ये प्रवाह बॅटरीकडून प्रथम डॅशबोर्डवरील स्विचकडे, तेथून पायाखालच्या डिपरकडे आणि मग पुढे दिव्याकडे जातो. ही वाट ५ मीटरची आणि तार १ चौरस मिलिमीटर छेदाची धरली तर तांब्याचा रोध सुमारे ०.०८७ ओहम येतो. ९.२ अँपिअरला त्यात ०.८ व्होल्ट खर्ची पडतात. प्रवाह दुप्पट केला की १.६ व्होल्ट. दिव्याच्या तारेचा प्रकाश दाबाच्या मानाने फार झपाट्याने घटतो. दाब एक दशांशाने कमी झाला की प्रकाश जवळजवळ तीन दशांशाने कमी होतो. म्हणून असे चार दिवे एकत्र लागले तरी प्रत्येक मलूल जळतो, आणि मालकाला दिवेच हलक्या प्रतीचे वाटतात.

याहून गंभीर बाब उष्णतेची आहे. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वरील उदाहरणात ती सुमारे ७ वॉटवरून ३० वॉटपर्यंत जाते. कापडाने गुंडाळलेल्या तारांच्या जुडग्यात, जेथे रबर वाळून तडकलेले असते, तेथे ही उष्णता साठते. स्विचमधील गंजलेला संपर्कबिंदू त्याहून अधिक तापतो. प्रथम जळका वास येतो, मग सर्व दिवे एकदम जातात.

रिले म्हणजे काय?

या अडचणीवरचा उपाय म्हणजे रिले. रिले हा दुसऱ्या विजेने चालणारा स्विच आहे. त्याच्यातील छोट्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की ते चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि मोठ्या प्रवाहाची वाट जोडली जाते. १२ व्होल्टच्या वेटोळ्याला सुमारे ०.१५ अँपिअर पुरतात. जुन्या तारेवर आणि स्विचवर एवढाच भार पडतो.

रिलेवर चार अंक असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमार्गे आलेली जाड तार जोडावी, ८७ वरून दिव्यांकडे जाणारी. ८६ वर स्विचची बारीक तार आणि ८५ वर अर्थची तार.

आज्ञेची तार कोठून घ्यावी, यालाही अर्थ आहे. दूरवरच्या दिव्यांची आज्ञा मोठ्या दिव्यांच्या वरच्या झोताच्या तारेवरून, मध्ये स्वतंत्र स्विच ठेवून घ्यावी. म्हणजे समोरून गाडी आली आणि चालकाने डिपर दाबला की जादा दिवेही त्याच क्षणी मालवतात. धुक्याच्या दिव्यांची आज्ञा बाजूच्या छोट्या दिव्यांच्या तारेवरून घ्यावी, म्हणजे मुख्य स्विच बंद केल्यावर ते जळत राहून बॅटरी रिकामी करणार नाहीत.

जोडणीचा क्रम

काम आरंभण्यापूर्वी बॅटरीची अर्थकडील जोडणी सोडवावी. पान्हा चुकून गाडीच्या अंगाला लागला तरी मग ठिणगी उडत नाही. रिले बॉनेटखाली, बॅटरीच्या जवळ, पाणी उडणार नाही अशा जागी बसवावा. जाड तार २.५ चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तंतूंची घ्यावी. घरातील वायरिंगची ताठ तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. एवढी तार २ मीटर वापरली तर तिच्यात जेमतेम ०.१३ व्होल्ट खर्ची पडतात.

बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज असावा. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो तारेच्या आरंभीच हवा. तो दिव्याजवळ बसविला, तर मधली सारी तार उघड्यावर पडल्यासारखी होते. पत्र्यातील प्रत्येक छिद्रात रबरी बुश घालावा, अन्यथा पत्र्याची धार काही महिन्यांत तारेचे आवरण कापते. थिंबल पकडीने घट्ट दाबून बसवावेत.

परतीच्या वाटेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिव्यापर्यंत आलेला प्रवाह गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परतला पाहिजे. जुन्या जीपमध्ये बंपर आणि चासी यांच्या सांध्यांत रंग व गंज साचलेला असतो, आणि तेथे प्रवाह अडतो. म्हणून दिव्यापासून चासीपर्यंत तितकीच जाड अर्थची तार स्वतंत्र न्यावी, बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करावा आणि आवळल्यावर त्यावर ग्रीस लावावे. बॅटरी ते चासी हा पट्टाही तपासावा. सर्व झाल्यावर दिवे लावून प्रत्येक सांध्याला हात लावून पाहावा : जो सांधा तापतो तो पुन्हा केला पाहिजे.

दिव्याचा रोख आणि इतरांचे डोळे

सपाट जागी भिंतीपासून ७.५ मीटरवर गाडी उभी करावी. धुक्याच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडावी. गाडीत नेहमीचे ओझे ठेवूनच हे मोजावे, कारण मागे भार आला की पुढचा भाग उचलला जातो आणि झोतही त्याबरोबर वर चढतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार पुढील दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा लागतो, आणि नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीवाचून गाडीच्या पुढच्या बाजूस शोधदीप लावता येत नाही. या नियमांमागील हेतू साधा आहे. दिपलेला चालक काही क्षण आंधळा असतो, आणि त्या क्षणांत त्याची गाडी पुढे सरकतच राहते. पायी चालणाऱ्या यात्रेकरूला तर स्वतःचा दिवाही नसतो. धुके विरले की धुक्याचे दिवे बंद करावेत, आणि समोर कोणी दिसताच दूरचे दिवे मालवावेत. रस्ता आपल्याला दिसावा आणि आपण इतरांना दिसावे, हे जादा दिव्यांचे प्रयोजन होय. इतरांचे दिसणे हिरावून घेणारा दिवा ते पुरे करीत नाही.