वादविवाद : संघाने आपला हुकमी खेळाडू सोडावा का?
(इयत्ता सातवी – मराठी भाषिक उपक्रम, गणितातील शेकडेवारीशी जोडून)

आपल्या चकलांब्यासारख्या गावात मुलं जमली की कबड्डीचा विषय निघतोच. त्यात एक प्रश्न हमखास असतो. 'एवढा भारी गडी संघाने सोडलाच कसा?' आज याच प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहू. वादविवादात आवाज मोठा असून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून प्रो कबड्डीतली खरी उदाहरणं घेऊ.

उदाहरण पहिले : सिद्धार्थ देसाई

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी नावाचं गाव आहे. तिथला सिद्धार्थ देसाई 2018 च्या सहाव्या हंगामात यू मुंबाकडून खेळला. बोली होती 36 लाख 40 हजार रुपये. त्या एका हंगामात त्याने चढाईत दोनशेहून जास्त गुण मिळवले. तरी पुढच्या हंगामाआधी यू मुंबाने त्याला संघात कायम ठेवलं नाही. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतलं.

मग काय झालं? सिद्धार्थने टायटन्सकडूनही दोनशेहून जास्त गुण केले. म्हणजे तो कुठेच कमी पडला नाही. पण टायटन्सचा संघ पहिल्या सहांत आला नाही. इकडे यू मुंबा सहाव्या हंगामात बाद फेरीचा पहिलाच सामना हरली होती, ती सिद्धार्थ नसताना सातव्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेली. कारण इराणचा बचावपटू फझल अत्राचली याच्या नेतृत्वाखाली तिची पकड मजबूत होती.

उदाहरण दुसरे : शादलू

आता याच्या उलट बघा. दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं. 1 मार्च 2024 रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं. नंतर शादलू पलटणमधून गेला. त्याला हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना घेतलं आणि डिसेंबर 2024 मध्ये हरियाणा विजेता झाला! पलटण मात्र बाद फेरीतही नव्हती. अर्थात त्याच हंगामात पलटणचा कर्णधार अस्लम इनामदार जखमी झाला होता. म्हणून सगळं खापर एकाच कारणावर फोडू नका.

थोडं गणित करू

दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त 5 कोटी खर्च करता येत होते.
- शादलू (पुणेरी पलटण) : 2.35 ÷ 5 × 100 = 47 टक्के
- पवन सेहरावत (तेलुगू टायटन्स, 2 कोटी 60 लाख 50 हजार) : 2.605 ÷ 5 × 100 = सुमारे 52 टक्के

दोन्ही संघांनी जवळपास निम्मे पैसे एकाच खेळाडूवर घातले. एक संघ विजेता झाला, दुसऱ्याने 22 पैकी फक्त 2 सामने जिंकले. पवन काही कच्चा खेळाडू नाही. फरक बाकीच्या सहा जणांत होता. पलटणकडे आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा अस्लम, मोहित गोयत अशी संघातच तयार झालेली तरुण पोरं होती. हरियाणाचंही तसंच. शादलू येण्याआधीच तो संघ अंतिम सामना खेळलेला होता.

मग निर्णय कसा घ्यायचा?

हुकमी खेळाडू सोडण्याआधी संघाने तीन प्रश्न विचारावेत.
1. त्याची जागा घेणारा तयार आहे का?
2. वाचलेल्या पैशातून संघाची खरी उणीव भरून निघेल का?
3. तो मैदानाबाहेर बसला, तर बाकीचे सहा सामना ओढून नेतील का?

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर सोडायला हरकत नाही. नसतील तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पण त्याला राखावं असं मला वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं, फक्त कारण द्या.

आणखी एक बाजू मुलं विसरतात, ती खेळाडूची. लिलावात कोणत्या संघात जायचं हे तो ठरवत नाही. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्येही असंच. फेब्रुवारी 2025 मध्ये डॅलसने आपला सर्वांत मोठा खेळाडू लुका डॉन्चिच लेकर्सला देऊन टाकला, तेव्हा चाहते चक्रावून गेले. म्हणून संघ बदललेल्या खेळाडूला 'गद्दार' म्हणू नये. शिवाय एका खेड्यातल्या पोराची बोली एका वर्षात 36 लाखांवरून दीड कोटीच्या जवळ जाते, हेही त्याच्या घराच्या दृष्टीने लहान नाही.

स्वाध्याय
1. सिद्धार्थची बोली किती रुपयांनी वाढली? सुमारे किती पट झाली?
2. 'शाळेच्या संघात एकच चढाईपटू सगळ्या चढाया करतो.' यावर अनुकूल व प्रतिकूल प्रत्येकी तीन मुद्दे लिहा.
3. दोन गट करून वर्गात वादविवाद घ्या. नंतर बाजू बदला आणि पुन्हा बोला.