घोड्याचा खरारा : मायेचा हात, पारखीचा हात

घोडा हा स्वभावतः भित्रा प्राणी आहे. संकटाची चाहूल लागताच पळणे हाच त्याचा बचाव होय. म्हणून मारझोडीने तो अधिकच बिथरतो. त्याचा विश्वास हातानेच संपादन करावा लागतो.

घोडे एकमेकांना मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तेथे, दातांनी खाजवतात. त्याच जागी माणसाने खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आले.

घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही. यास्तव आवाज देत डाव्या खांद्याकडून जवळ जावे. प्रथम तळहात सपाट ठेवून केसांच्या दिशेने सावकाश फिरवावा. मग मान, पाठ, पोट व पाय या क्रमाने खरारा करावा. हाडे वर आलेल्या भागावर जोर देऊ नये.

हात फिरवताना पारखही करावी. खोगिराखालची जागा गरम वा सुजलेली लागल्यास, किंवा घोड्याने अंग चोरल्यास, त्या दिवशी खोगीर घालू नये. एक दिवसाची मजुरी बुडेल. परंतु दुर्लक्षाने पाठ फुटल्यास घोडा कित्येक दिवस बसून राहील. घोड्यास धनुर्वाताचा धोका मोठा असतो. म्हणून जखम दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. मायेचा हात हा औषधाला पर्याय नव्हे.

हे काम घाईने किंवा रागाने होत नाही. हात संथ ठेवता ठेवता दिवसभर त्रासलेला माणूसही निवतो. हा लाभ दोघांचाही आहे.